आर्किटेक्चरचे निर्णय घेणं आणि नोंदवून ठेवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवा आलेला डेव्हलपर पहिल्या महिन्यात जे विचारतो, त्यातले बरेच प्रश्न "हे असं का केलंय?" याच जातीचे असतात. उत्तर ठाऊक असलेला माणूस तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो, नाहीतर नोटीस पिरियडवर असतो आणि त्याच्या केटीच्या (जाणाऱ्याने आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या) यादीत हा विषय नसतोच. खालचे प्रश्न टेक लीड, सिनियर डेव्हलपर आणि क्वचित मॅनेजरांकडून येतात. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत, ती ओळखू येतील.

एडीआर म्हणजे नेमकं काय?

आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड. एका निर्णयाची एक छोटी फाइल. त्या वेळी परिस्थिती काय होती, आपण काय ठरवलं आणि त्यापायी काय सोसावं लागणार, एवढं तिच्यात असतं. एक पान, फार तर दोन. डिझाइन डॉक्युमेंट सिस्टिम कशी आहे ते सांगतं आणि सिस्टिम बदलली की शिळं होतं. एडीआर एका तारखेला काय ठरलं ते सांगते, त्यामुळे ती शिळी होत नाही. फार तर तिच्यातला निर्णय मागे पडतो.

ही पद्धत आली कुठून?

आज सगळीकडे दिसणारा साचा मायकेल नायगार्ड यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये मांडला. शीर्षक, पार्श्वभूमी, निर्णय, स्थिती, परिणाम असे पाचच भाग. आर्किटेक्चर म्हणजे निर्णयांचा संच, हा विचार त्याआधीचा आहे. फिलिप क्रुख्टेन यांनी २००४ मध्ये अशा निर्णयांचं वर्गीकरण मांडलं होतं, आणि २००५ मध्ये जेफ टायरी आणि आर्ट अकरमन यांनी 'आयईईई सॉफ्टवेअर'मध्ये नोंदीचा एक भलामोठा साचा दिला होता. तो साचा चांगला आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तो भरायला कोणी बसत नाही. नायगार्ड यांचा साचा पसरला तो आखूड होता म्हणून. थॉटवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी कोणतं तंत्र वापरावं याची 'टेक्नॉलॉजी रडार' नावाची यादी काढते. २०१६ मध्ये तो तिच्यात 'ट्रायल' (करून बघा) गटात आला आणि पुढे 'अडॉप्ट' (वापराच) गटात गेला.

नायगार्ड यांचा मूळ मुद्दा साधा आहे. जुन्या निर्णयाचं कारण कळलं नाही की नव्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: डोळे झाकून तो पाळायचा, नाहीतर डोळे झाकून बदलायचा. दोन्हींत धोका आहे.

कोडमध्ये सगळं दिसतंच की. वेगळं कशाला लिहायचं?

कोडमध्ये जे केलं ते दिसतं. जे करायचं नाही असं ठरवलं, ते दिसत नाही.

एक उदाहरण घ्या. २०१४ साली उभी राहिलेली एक सिस्टिम अजून चालू आहे आणि तिच्या फाइली एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) सिंगापूर रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरमध्ये आहेत. आज ती हातात घेणाऱ्याला वाटतं, ग्राहक नाशिकचे, ऑफिस पुण्यात आणि डेटा सिंगापूरला? काहीतरी खास कारण असणार, हात लावायला नको. खरं कारण एवढंच, की एडब्ल्यूएसचा मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाला. त्याआधी भारतातल्या टीमला सगळ्यात सोयीचं सिंगापूरच होतं. म्हणजे ज्या अडचणीमुळे निर्णय झाला ती केव्हाच संपली, आणि तरी निर्णय चालू आहे. कॉन्फिग फाइलमध्ये रीजनचं नाव आहे. त्या वेळी मुंबई उपलब्धच नव्हती, हे तिच्यात कुठे लिहिणार?

मग प्रत्येक निर्णयाची नोंद करायची का?

अजिबात नको. तसं केलं तर दोन महिन्यांत दीडशे फाइली होतील आणि कोणी एकही उघडणार नाही.

ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले होते. एक, ज्यातून परत फिरता येतं. दुसरा, ज्यातून येत नाही किंवा फार महागात पडतं. नोंद दुसऱ्या प्रकाराची हवी. पण सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक गोष्टी या दोन टोकांच्या मध्ये पडतात. म्हणून मी आणखी एक कसोटी लावतो: हा बदलायचा म्हटलं तर किती जणांना विचारावं लागेल? फक्त आपल्या टीमला विचारून भागत असेल, तर पुल रिक्वेस्टमधली (कोडमधला बदल मंजुरीला ठेवतो तिथली) चर्चा पुरे.

लॉगिंगची लायब्ररी कोणती घ्यायची याची नोंद नको. लॉगमध्ये ग्राहकाचा मोबाइल नंबर लिहायचा की नाही, याची हवी. बटणाचा रंग नको. रक्कम रुपयांच्या दशांशात ठेवायची की पैशांच्या पूर्णांकात, हे हवं. ते बदलायचं म्हटलं तर प्रत्येक रिपोर्ट उघडावा लागतो. आणि 'न करण्याचे' निर्णय तर हमखास हवेत. "सध्या कुबरनेटीस घेणार नाही", "मायक्रोसर्व्हिसेस करणार नाही". असे निर्णय लिहिले नाहीत, तर दर नवा आर्किटेक्ट पहिल्याच आठवड्यात तोच प्रस्ताव घेऊन उभा राहतो.

एक घरगुती नियमही आहे. एकाच विषयावर टीमचा तिसऱ्यांदा वाद झाला, की लिहायची वेळ आली.

एखादा पूर्ण नमुना दाखवाल का?

समजा, सहकारी दूध संघासाठी संकलनाचं ॲप करायचं आहे. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजलं जातं, दरपत्रकानुसार भाव लागतो आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. नोंद अशी होऊ शकते:

> ०१४. संकलनाची नोंद आधी फोनमध्ये, नंतर सर्व्हरवर
>
> स्थिती: स्वीकृत.
>
> पार्श्वभूमी: बऱ्याच केंद्रांवर सकाळी सहा ते आठमध्ये नेटवर्क जातं-येतं. रांग थांबवता येत नाही. पावती जागेवर द्यावीच लागते, त्याशिवाय शेतकरी कॅन उचलत नाही. केंद्रचालकाकडे साधा ॲंड्रॉइड फोन आहे आणि फोनचं घड्याळ बरोबर असेलच असं नाही.
>
> निर्णय: प्रत्येक नोंद आधी फोनवरच्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जाईल आणि पावती तिथूनच निघेल. नेटवर्क आल्यावर नोंदी सर्व्हरवर जातील. नोंदीचा क्रमांक फोनच बनवेल, यूयूआयडी (सर्व्हरला न विचारता बनणारा, सहसा दुसऱ्याशी न जुळणारा लांबलचक क्रमांक) स्वरूपात. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर ती नोंद दुसऱ्यांदा धरणार नाही. फोनवरची वेळ आणि सर्व्हरला मिळाल्याची वेळ, दोन्ही ठेवू.
>
> सोडलेले पर्याय: (अ) थेट सर्व्हरवर नोंद. सगळ्यात सोपं, पण नेटवर्क गेलं की रांग थांबते. (आ) सर्व्हरने दिलेला चढता क्रमांक. हिशोबनिसांना तोच हवा होता, कारण मधला क्रमांक गाळला गेला तर लगेच कळतं. ऑफलाइन असताना तो देता येत नाही. (इ) प्रत्येक केंद्रावर छोटा संगणक. संघाची खर्चाची तयारी नाही.
>
> परिणाम: रांग थांबणार नाही. मात्र संघाने रात्री दर बदलला आणि फोन ऑफलाइन राहिला, तर सकाळच्या पावत्या जुन्या दराने निघतील. फरकाची रक्कम वेगळ्या नोंदीने दाखवावी लागेल. दिलेली पावती बदलायची नाही. पाठवण्याआधी फोन हरवला किंवा फुटला, तर त्या पाळीच्या नोंदी गेल्या. केंद्रचालकाने कागदी वही बंद करू नये, हे प्रशिक्षणात सांगावं लागेल. हिशोबनिसांसाठी गाळलेल्या नोंदी शोधणारा वेगळा रिपोर्ट करावा लागेल.
>
> पुन्हा कधी बघायचं: एकाच केंद्रावर दोन फोन चालवायची मागणी आली तर. किंवा दर दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा बदलू लागले तर.

नायगार्ड यांच्या मूळ पाच भागांत 'सोडलेले पर्याय' आणि 'पुन्हा कधी बघायचं' हे वेगळे रकाने नाहीत. पर्यायांचा रकाना एमएडीआर (मार्कडाउनमधला एडीआरचा एक साचा) यासारख्या नंतरच्या साच्यांत आला. शेवटचा मी आवर्जून घालतो, त्याचं कारण पुढे येईल.

'परिणाम' या भागात काय लिहायचं? आमच्याकडे तिथे "परफॉर्मन्स सुधारेल, मेंटेनन्स सोपा होईल" एवढंच येतं.

मग ती नोंद झाली नाही, जाहिरात झाली.

वरच्या नमुन्यात जुन्या दराने निघालेल्या पावत्यांचं वाक्य पाहा. त्या एका वाक्यातून फरकाची नोंद ठेवणारं आख्खं एक फीचर निघतं. ते वाक्य आधी लिहिलं नसतं, तर लाँचनंतरच्या पहिल्या दरबदलाच्या सकाळी संघाच्या ऑफिसमधून फोन आला असता आणि कोणीतरी घाईघाईत डेटाबेसमधल्या पावत्याच दुरुस्त केल्या असत्या. शेतकऱ्याच्या हातातला कागद एक आकडा सांगतोय आणि संघाची सिस्टिम दुसरा, अशी वेळ आली असती.

सोप्या भाषेत, या भागात तीन गोष्टी हव्यात: आता काय जमेल, आता काय जमणार नाही, आणि कोणाचं काम वाढलं. तिसरी नेहमी राहून जाते. निर्णय बॅकएंडची टीम घेते आणि काम सपोर्टच्या टीमचं वाढतं. वरच्या उदाहरणात हिशोबनिसांचं वाढलं. ज्यांचं काम वाढलं त्यांचा उल्लेख नोंदीत असला, की मर्ज करण्याआधी त्यांना विचारायचं तरी सुचतं.

परिणामांमध्ये एकही तोटा सापडत नसेल, तर दोनच शक्यता. एकतर निर्णय इतका उघड होता की नोंदीची गरजच नव्हती, किंवा अजून कोणी नीट विचार केलेला नाही.

पर्यायांचा भाग नंतर भरला तर चालतं का? खरं सांगायचं तर निर्णय आधीच झालेला असतो.

खरं आहे, बऱ्याचदा तसंच होतं. सीटीओ कॉन्फरन्सहून परत येतो आणि सोमवारी काफ्का (सिस्टिमांमध्ये संदेश पोहोचवणारं सॉफ्टवेअर) ठरलेलं असतं. अशा वेळी तीन खोटे पर्याय रचून, त्यांना लाल-पिवळे-हिरवे रंग देऊन तक्ता करू नका. सरळ लिहा: "इतर पर्यायांची तुलना केली नाही. टीमला काफ्काचा अनुभव आहे आणि वेळ कमी आहे." हे कारण कमी दर्जाचं मुळीच नाही. टीमला काय येतं, यावर जगातले निम्मे चांगले निर्णय उभे आहेत. उद्याच्या माणसाला एवढं कळलं की तुलना झालीच नव्हती, तर तो मोकळ्या मनाने ती करू शकतो. खोटा तक्ता पाहून तो समजेल, की हे सगळं तपासून झालंय.

पायथॉन भाषेत बदल सुचवणाऱ्या पीईपी दस्तऐवजांमध्ये नाकारलेल्या कल्पनांसाठी स्वतंत्र विभाग असतो. एखादी कल्पना का नाकारली ते एकदा लिहिलं, की पुढच्या वेळी ती घेऊन येणाऱ्याला त्या परिच्छेदाकडे बोट दाखवता येतं. तिथे याचा फार उपयोग होतो, कारण तिथे दर काही महिन्यांनी कोणीतरी नवा येतो आणि त्याला तीच जुनी कल्पना नव्याने सुचलेली असते.

निर्णय कोणी घ्यायचा? आर्किटेक्टने की टीमने?

अँड्र्यू हार्मेल-लॉ यांनी २०२१ मध्ये मांडलेली सल्ल्याची पद्धत मला पटते. निर्णय कोणीही घेऊ शकतो, पण त्याआधी दोन प्रकारच्या लोकांचा सल्ला घेतलाच पाहिजे: ज्यांच्यावर परिणाम होणार ते, आणि ज्यांना त्या विषयातलं कळतं ते. सल्ला पाळलाच पाहिजे असं बंधन नाही. तो घेतला, हे मात्र नोंदीत दिसलं पाहिजे.

आपल्याकडे एक अडचण येते. ज्युनियर मुलगी मीटिंगमध्ये "सर, हे नाही चालणार" असं सहसा म्हणत नाही. नंतर कँटीनमध्ये म्हणते. म्हणून मीटिंगआधी मसुदा फिरवा, दोन दिवस द्या आणि शेरे लेखी मागा. तोंडी बोलायला बुजणारी माणसं लिहायला सांगितलं की मोकळी होतात. आर्किटेक्टने स्वतःचं मत सगळ्यात शेवटी द्यावं. त्याने आधी दिलं, की पुढचे शेरे "सहमत" असे येतात.

नोंदीत निर्णय घेणाऱ्याचं नाव असावं. दोष देण्यासाठी नव्हे, प्रश्न कोणाला विचारायचा ते कळावं म्हणून. 'टीमने ठरवलं' असं लिहिलं, की प्रश्न कोणाकडेच जात नाही.

एकमत होतच नसेल तर?

थांबू नका. तारीख ठरवा, त्या दिवशी जबाबदार माणसाने निर्णय द्यावा आणि विरोधी मत नोंदीत नावासकट दोन ओळींत जावं. विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, की निम्मा राग तिथेच ओसरतो. उरलेला राग कोडमध्ये उतरू नये याची काळजी लीडने घ्यायची.

क्लायंटने लादलेला निर्णय असेल तर? आम्हाला तो पटलेलाच नाही.

सर्व्हिस कंपन्यांमधून हा प्रश्न हमखास येतो. पार्श्वभूमीत स्पष्ट लिहा: "क्लायंटच्या ग्रुप धोरणानुसार ओरॅकल बंधनकारक आहे." ही अट आहे, तुमचा निर्णय नव्हे. अट म्हणूनच लिहिलेली बरी. त्या अटीमुळे पुढे तुम्ही जे ठरवलंत, तो तुमचा निर्णय. तक्रारीचा सूर ठेवू नका. ती फाइल क्लायंटही वाचणार आहे, आणि वाचावीच. परिणामांमध्ये लायसन्सचा खर्च किंवा लागणारा जास्तीचा वेळ आकड्यांत लिहिलेला असेल, तर दोन वर्षांनी तेच पान क्लायंटच्या बजेटच्या मीटिंगमध्ये उपयोगी पडतं.

नोंदी कुठे ठेवायच्या? आमच्याकडे सगळं कॉन्फ्लुअन्सवर (टीमच्या विकीवर) असतं.

कोडशेजारी, रेपोमध्ये (कोड आणि त्याचा इतिहास जिथे राहतो तिथे), मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुराची फाइल म्हणून. पुल रिक्वेस्टमधून नोंद आली की चर्चा, मंजुरी आणि तारीख आपोआप मिळतात, आणि कोड शोधणाऱ्या माणसाला ती तिथेच सापडते. विकीवरचं पान कोणीही गुपचूप बदलू शकतं. त्याहून वाईट म्हणजे टूल बदललं की पानं मागे राहतात. रेपो सहसा टीमच्या टूलपेक्षा जास्त जगतो.

एक अपवाद. निर्णय अनेक रेपोंना लागू असेल, किंवा ज्यांनी तो वाचायला हवा त्यांच्याकडे रेपोचा ॲक्सेसच नसेल (वरच्या उदाहरणातले हिशोबनीस), तर सगळ्यांसाठी वेगळा रेपो करा आणि त्यातून वाचता येईल असं साधं पान बनवा. टूल म्हणाल तर नॅट प्राइस यांचं एडीआर-टूल्स पुरेसं आहे. खरं तर टेम्प्लेटची एक फाइल कॉपी करायला टूल लागतच नाही.

निर्णय बदलला तर जुनी नोंद काढून टाकायची का?

नाही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो आणि फेरफार क्रमांक लागतो, तसंच इथे. जुन्या नोंदीची फक्त स्थिती बदलायची, "०२३ मुळे रद्द", आणि नव्या नोंदीत "०१४ च्या जागी" असं लिहायचं. मजकुराला हात लावायचा नाही. क्रमांक पुन्हा वापरायचा नाही.

डिस्कॉर्ड या चॅट ॲपच्या मेसेज साठवणुकीची कहाणी या दृष्टीने बघण्यासारखी आहे. २०१५ च्या सुरुवातीला त्यांनी मोंगोडीबी हा डेटाबेस घेतला, तोही एकाच रेप्लिका सेटवर (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या गटावर). ते मुद्दाम केलं होतं. लवकर उभं करायचं होतं, पण पुढे दुसऱ्या डेटाबेसवर जाणं सोपं व्हावं अशी मांडणी आधीपासून ठेवली होती, आणि मोंगोडीबीचं शार्डिंग (डेटा अनेक सर्व्हरांवर वाटणं) वापरायचं नाही हेही ठरलेलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात १० कोटी मेसेज झाले आणि डेटा व इंडेक्स रॅममध्ये मावेनात. मग कॅसँड्रा हा दुसरा डेटाबेस आला. २०१७ मध्ये त्याचे १२ नोड (सर्व्हर) होते, २०२२ च्या सुरुवातीला १७७. त्यानंतर सिलाडीबी हा तिसरा डेटाबेस, ७२ नोडवर.

यातला कोणता निर्णय चुकला? माझ्या मते पहिला तर नक्कीच नाही. २०१५ च्या टीमसाठी तो बरोबर होता, कारण त्यातून बाहेर पडायची वाट आधीच धरलेली होती. तीन नोंदी एकाखाली एक लावल्या, की हे कळतं. पहिल्या दोन पुसून फक्त सिलाडीबीची ठेवली, तर एखादा छोटा स्टार्टअप ती वाचून पहिल्याच दिवशी सिलाडीबीचं क्लस्टर उभं करेल.

'पुन्हा कधी बघायचं' हे आधी कसं कळणार?

सगळं कळणार नाही. पण निर्णय ज्या खांबांवर उभा आहे ते तुम्हाला माहीत असतात. त्यातला कोणता हलला तर निर्णय पडतो, एवढंच लिहायचं.

एसक्यूलाइटच्या लेखकांनी 'एसक्यूलाइट सीमध्ये का लिहिलंय' याचं एक जाहीर पान ठेवलंय. त्यात वेग, कुठल्याही भाषेतून वापरता येणं, अवलंबित्व कमी असणं आणि स्थैर्य ही कारणं आहेत. पण मला त्या पानाचा शेवट जास्त आवडतो. रस्ट या नव्या भाषेत पुन्हा लिहायचा विचार कधी करता येईल, याच्या अटीच तिथे दिल्या आहेत: रस्ट आणखी मुरलं पाहिजे आणि त्यातले बदल मंदावले पाहिजेत, ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या आडनिड्या उपकरणांवरही ते चाललं पाहिजे, ब्रँच कव्हरेज (कोडमधली प्रत्येक वाट चाचणीत चालली का) शंभर टक्के तपासता आलं पाहिजे, मेमरी संपली तरी सावरता आलं पाहिजे. "रस्टमध्ये का नाही?" हा वाद घालायला येणाऱ्याला आता भांडायचं कारणच उरत नाही, अटी तपासायच्या.

आपल्या कामात हलणारे खांब साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला वाढ: ग्राहक, डेटा, टीमची संख्या. याचा आकडा लिहा, "खूप वाढल्यावर" असं लिहू नका. दुसरा परवाना. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने बीएसडी हा मोकळा परवाना सोडला आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फोर्क (जुन्या कोडवरून फुटलेला वेगळा प्रकल्प) निघाला. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय आला. ज्या टीमच्या जुन्या नोंदीत "रेडिस घेतो, कारण परवाना मोकळा आहे" हे वाक्य होतं, तिला काय तपासायचं ते लगेच कळलं. जिथे फक्त "रेडिस घेतो" होतं, तिथे लीगलला मेल गेली.

तिसरा खांब नियमांचा, आणि आपल्याकडे तो अचानक हलतो. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकात पेमेंटचा डेटा फक्त भारतातच ठेवायला सांगितला आणि सहा महिने दिले. १५ ऑक्टोबर ही मुदत होती. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाचे कार्ड नंबर साठवायला मनाई झाली, नंबराच्या जागी टोकन (बदली क्रमांक) आलं. "पुढच्या खरेदीसाठी कार्ड आमच्या डेटाबेसमध्ये, एन्क्रिप्ट करून" हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या कितीही नीट घेतलेला असला, तरी त्या तारखेला संपला. पेमेंट किंवा वैयक्तिक माहितीला हात लावणाऱ्या प्रत्येक नोंदीत 'कोणत्या नियमाच्या भरवशावर' अशी एक ओळ असू द्या.

आरएफसी आणि एडीआर यात फरक काय?

आरएफसी म्हणजे 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', शेरे मागवणारा प्रस्ताव. तो चर्चेसाठी, निर्णयाच्या आधी. एडीआर निर्णय झाल्यावर. लहान टीमला दोन्ही नकोत: एकच फाइल 'प्रस्तावित' स्थितीत उघडा आणि ठरलं की 'स्वीकृत' करा. टीम मोठी झाली की वेगळं करायचं बघा.

सिस्टिम सात वर्षं जुनी आहे, एकही नोंद नाही. आता सुरुवात कुठून करायची?

सगळा इतिहास लिहायला बसू नका, ते काम कधीच संपत नाही. आजपासूनच्या निर्णयांची नोंद सुरू करा. मागचं लिहायचं ते गरज पडेल तेव्हाच, म्हणजे एखाद्या जुन्या निर्णयाला हात घालायची वेळ आली की त्याआधी. गिटचा इतिहास बघा, जुनी तिकिटं उघडा, कंपनी सोडून गेलेल्याला लिंक्डइनवर नम्रपणे विचारा; बहुतेक जण आनंदाने सांगतात. नोंदीच्या वर स्पष्ट लिहा की ही मागाहून लिहिली आहे, आणि कोणतं कारण पुराव्याने कळलं आणि कोणतं अंदाजाने, तेही वेगळं दाखवा. अंदाज पुराव्याच्या थाटात लिहिला, की पुढची दहा वर्षं तोच खरा मानला जातो.

नोटीस पिरियडवरच्या माणसाचं केटी मात्र याच कामाला लावा. "मॉड्यूल समजावून सांग" याऐवजी त्याला विचारा, "कोणत्या पाच गोष्टी बदलायला तुला भीती वाटली असती, आणि का?" तास-दीड तासात पाच नोंदींचे मसुदे हातात येतात.

नोंद मराठीत लिहिली तर?

ज्यांना वाचायची आहे त्या सगळ्यांना मराठी येत असेल, तर खुशाल लिहा. पुण्या-नागपुरातल्या छोट्या प्रॉडक्ट कंपन्यांत चर्चा मराठीतच होते, आणि इंग्रजीत उतरवताना त्यातलं 'का' गळून पडतं. उरतात ते घासून गुळगुळीत झालेले शब्द. टीममध्ये चेन्नई किंवा लखनौचं कोणी असेल, तर इंग्रजीच बरं. मोडकंतोडकं असलं तरी हरकत नाही.

एआयकडून लिहून घेतली तर?

शब्द नीट करून घ्यायला, मीटिंगच्या टिपणातून मसुदा काढायला हरकत नाही. कारणं मात्र त्याच्याकडून घेऊ नका. "पोस्टग्रेस का निवडलं ते लिही" म्हटलं की ते सहा चोख कारणं देईल, आणि त्यातलं एकही तुमचं नसेल. तुमचं कारण कदाचित "आमच्या डीबीएला तेच येतं" एवढंच होतं. मसुदा मर्ज करताना प्रत्येक कारणापुढे विचारा: हे मीटिंगमध्ये कोण बोललं होतं? कोणीच बोललं नसेल तर खोडा.

आम्ही लिहितो, पण कोणी वाचत नाही.

मग नोंदी कामाच्या वाटेत आणून ठेवा. पुल रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये एक ओळ घाला: "हा बदल कोणत्या एडीआरच्या विरोधात जातो का?" कोडमध्ये विचित्र दिसणाऱ्या जागी कॉमेंटमध्ये नोंदीचा क्रमांक द्या: "दर इथे पुन्हा काढत नाही, बघा ०१४." नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सगळ्या नोंदी वाचायला देऊ नका, झोप येते. त्याचं पहिलं तिकीट ज्या भागात आहे तिथल्याच द्या आणि सांगा, की यातलं जे आता खरं वाटत नाही ते शोधून आण. बऱ्याचदा निर्णय मागे पडलेली एखादी नोंद तोच पहिल्यांदा पकडतो, आणि तिच्या जागी येणारी नवी नोंद त्यालाच लिहायला द्यावी.